आभाराचं पान

प्रबंधाचं एकेक प्रकरण समित्यांनी चाळणीतून काढलं होतं. आभाराचं पान मात्र कुणीच तपासलं नव्हतं. आणि नेदरलँड्समध्ये प्रबंध छापून आला की माणसं पहिल्यांदा तेच पान उघडतात, आपलं नाव आहे का ते बघतात आणि पुस्तक कपाटात ठेवून देतात. बिचारा कायदा कोण वाचतो!

फ्राउके हिडेमाची आज डॉक्टरेटची जाहीर परीक्षा होती. युरोपातला स्थलांतराचा कायदा हा तिचा विषय. सभागृहामागच्या खोलीत ती येरझारा घालत होती, आणि तिथल्या प्रथेप्रमाणे परीक्षेत शेजारी उभी राहणारी तिची मैत्रीण योरिंडे खुर्चीत बसून पुस्तक चाळत होती.

"अगं, त्या पाववाल्याला किती छान लिहिलंयस! 'तेस्फालेम, तुझ्या भट्टीजवळ बसून ऐकलं नसतं, तर चौथं प्रकरण झालंच नसतं.' आणि मला काय, तर कॉफीबद्दल एक ओळ!"

फ्राउके जागच्या जागी थांबली.

"पुन्हा वाच."

योरिंडेनं वाचलं, आणि वाचता वाचता तिचा चेहरा उतरला. "म्हणजे चौथ्या प्रकरणातला माणूस…"

"तोच."

त्या माणसाचं नाव, देश, गाव, धंदा, सगळं फ्राउकेनं झाकलं होतं. तेस्फालेम मूळचा एरिट्रियाचा. त्याला इटलीत आधीच निर्वासित म्हणून आसरा मिळाला होता, आणि एका देशात आसरा मिळालेल्याला दुसऱ्यात मागता येत नाही. तिथं रस्त्यावर झोपून हाल काढल्यावर तो इकडे आला आणि इथल्या खात्याला त्यानं इटलीचं काही सांगितलंच नाही. तो गावाकडेही पाववालाच, भट्टीनं बोटं भाजलेली, त्यामुळे बोटांचे ठसेही इटलीतल्या ठशांशी जुळले नाहीत. हे उघडकीला आलं, तर त्याचा परवाना जाणार, आणि परवान्याच्या जोरावर आणलेल्या बायकोचाही जाणार. फ्राउकेनं त्याला शब्द दिला होता. शब्द पाळलाही, आणि मग छपाईआधीच्या शेवटच्या रात्री दमून, कृतज्ञतेच्या भरात, घोळ करून ठेवला.

"पुस्तकं गोळा करू या," योरिंडे उठली.

"अगं, प्रत्येक खुर्चीवर ठेवलीत. शिवाय परीक्षकांकडे महिनाभर आहेत. त्यात तो ओल्टहॉफ."

ओल्टहॉफ परदेशी नागरिकांच्या खात्यात कायद्याचा सल्लागार होता. एक परीक्षक बाहेरचा हवा, म्हणून विद्यापीठानं त्याला मोठ्या मानानं बोलावलं होतं.

तेवढ्यात काठी घेऊन विद्यापीठाचा चोपदार दारात आला, आणि दोघी त्याच्यामागून सभागृहात गेल्या.

पहिल्या दोन प्राध्यापकांनी रिवाजाप्रमाणे प्रश्नापेक्षा स्वतःचीच पुस्तकं जास्त सांगितली. फ्राउके उत्तरं देत होती, पण नजर ओल्टहॉफच्या हातातल्या पुस्तकावर होती. त्यात पिवळ्या चिठ्ठ्या होत्या. एक अगदी शेवटाकडे.

"विदुषी," ओल्टहॉफ म्हणाला, "तुमच्या चौथ्या प्रकरणातला माणूस खात्याशी खोटं बोललाय. उद्या खात्यानं त्याला शोधायचं ठरवलं, तर?"

"ज्यानं विश्वासानं सांगितलं, त्याला धोका होईल असं काही मी सांगणार नाही. पदवी नाही मिळाली तरी."

"उत्तम. पण तुमच्या मौनावर त्यानं किती भरवसा ठेवावा?"

ती तोंड उघडणार, तोच चोपदारानं काठी आपटली. "वेळ संपली!"

पदवी मिळाली. मार्गदर्शक बाईंनी भाषणात सांगितलं, की फ्राउकेनं आपल्या माणसांना पंखाखाली जपलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. फ्राउकेला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

बाहेरच्या दालनात चीज, वाईन आणि गर्दी. ओल्टहॉफनं पुढे होऊन हात मिळवला. घाबरत तिनं विचारलं, शेवटची चिठ्ठी आभाराच्या पानावर आहे का?

"संदर्भसूचीत दोन चुका आहेत. आभार? छे, आभार नातेवाईकांनी वाचावेत."

ती इतक्या मोठ्यानं हसली, की योरिंडेनं वळून पाहिलं. वाचला बिचारा! उद्या छापखान्याला कळवू, ग्रंथालयाची प्रत बदलू, तेस्फालेमला सगळं सांगू. एवढं मनात येईपर्यंत बेकरीतून धावतपळत तो दारात आला. अंगावर लग्नातला कोट, हातात कापडात गुंडाळलेला मोठा गोल पाव. बोलावणं तिनंच महिन्यापूर्वी केलं होतं. ती गर्दीतून वाट काढेपर्यंत त्यानं पाव टेबलावर मांडलाही होता, आणि ओल्टहॉफ पहिला तुकडा खात होता.

"वा! कुणी केलाय हा?"

"मीच!" तेस्फालेमनं टेबलावरचं पुस्तक उचललं आणि आभाराचं पान उघडून भाजलेलं बोट ठेवलं. "हे बघा माझं नाव. पुस्तकात आलंय! चौथं प्रकरण सगळं माझंच आहे. बायकोलासुद्धा इतकं सांगितलं नव्हतं."

ओल्टहॉफनं ती ओळ वाचली. मग फ्राउकेकडे पाहिलं. हातातला तुकडा त्यानं हळूच बशीत ठेवला.

"आज मी परीक्षक म्हणून आलो होतो," तो हलक्या आवाजात म्हणाला. "उद्या कचेरीत बसेन. मला हे ठाऊक नाही, असं कसं म्हणू? तुम्हीच सांगा, डॉक्टर."

चार वर्षं ती हाच कायदा शिकवत होती. तिनं नुसतं ते पान मिटलं. ओल्टहॉफ आपला ओव्हरकोट घेऊन निघून गेला.

"साहेबांना पाव आवडला नाही का?" तेस्फालेमनं विचारलं. "मी काही वावगं बोललो?"

"नाही रे," फ्राउके म्हणाली. "तू काही चुकला नाहीस." मागून कुणीतरी फोटोसाठी डॉक्टर, डॉक्टर म्हणून हाका मारत होतं. तिनं त्याच्यासाठी खुर्ची ओढली. "बस. मी तुझं नाव सांगून बसले आहे."