मैनाची उत्तरं

मैनाच्या आईला दम म्हणून नव्हता. औषधांच्या दुकानात गिऱ्हाईक "खोकल्याचं…" म्हणेपर्यंत बाटली काउंटरवर आदळलेली असायची. अशा बाईच्या पोटी मैना यावी! पाळण्यात रडून घर डोक्यावर घ्यायची म्हणून बापानं हौसेनं हे नाव ठेवलं, आणि पोर निघाली अशी की एका उत्तराला अर्धा जन्म लावावा. उत्तर मात्र द्यायचीच.

शाळेला तेवढी उसंत नव्हती. तोंडी परीक्षेत मैना गप्प, म्हणून तिला वेगळ्या वर्गात, लहान मुलांबरोबर बसवायचं घाटत होतं. विनवण्या झाल्या, बापाचं आणि वर्गबाईंचं फाटकातच कडाक्याचं वाजलं. शेवटी मोठ्या बाईंनी, म्हणजे मुख्याध्यापिकेनं, सोक्षमोक्ष लावायला आज सगळ्यांना आपल्या खोलीत बोलावलं होतं.

"पाणी हवं का बाळ?" मैना आत येताच त्यांनी विचारलं.

"नको, पिऊन आलीये ती," आई म्हणाली.

खुर्चीत आई धड टेकत नव्हती. पर्सची चेन उघडायची, लावायची, पुन्हा उघडायची. बापानं तिच्या हातावर हात ठेवला तो तिनं झटकला.

"आम्ही एवढंच मागतोय," बाप म्हणाला, "विचारलं की जरा थांबा. ती सांगते."

"मग तिलाच विचारू," मोठ्या बाई म्हणाल्या. "मैना, तुला तुझ्याच वर्गात राहायचंय का?"

मैना टेबलावरच्या पेपरवेटकडे बघत राहिली. पंखा कुरकुरत होता. आईच्या जिवाची नुसती तगमग झाली. आता ही गप्प राहिली की संपलंच सगळं, पोर गेली त्या दुसऱ्या वर्गात.

"हो, राहायचंय तिला! रोज म्हणते घरी," ती बोलून गेली. मग मुलीकडे वळून दबक्या आवाजात, "बोल ना गं! चार लोकांत माझी मान खाली घालायला लावणार आहेस का?"

वर्गबाईंनी पेन खाली ठेवलं. "मैनाच्या आई, माझ्या वर्गात अख्खी फौज आहे. तुम्हाला ही एकटी. तरी तुम्हीसुद्धा थांबत नाही हो."

आईचा चेहरा खर्रकन उतरला. तिनं ओठ घट्ट मिटले. बापाचा पाय टेबलाखाली हलायला लागला. बाहेर घंटा झाली, पोरांचा गलका उठला आणि विरला. वर्गबाईंचीही चुळबुळ चालली होती.

"हवंय," मैना म्हणाली.

सगळे एकमेकांची तोंडं बघू लागले.

"पाणी!" बापाला आधी उमगलं. "पाणी हवंय तिला!"

मैनानं ग्लास रिकामा केला, तोंड पुसलं. आईच्या जिभेवर शब्द वळवळत होते. तिनं पर्सचा बंद मुठीत आवळून धरला.

"माझ्याच वर्गात राहायचंय."

वर्गबाईंना हसू आवरेना. "ओळीनं देतेय की ही उत्तरं! राहू दे माझ्याकडेच. हिची तोंडी परीक्षा सगळ्यांच्या नंतर घेईन. थांबेन मी."

मोठ्या बाईंनी मान डोलावली. बापानं वर्गबाईंना चक्क हात जोडले.

फाटकाबाहेर आल्यावर मैनानं आईची बाही ओढली.

"नाही लावणार," ती म्हणाली.

"काय नाही लावणार?"

"मान खाली घालायला."

काहीतरी बोलायला हवं होतं, लगेच, आत्ताच, आणि आयुष्यात पहिल्यांदा आईला शब्द सापडेना. पुढे गेलेला बाप वळून हाका मारत होता.

मैना हलली नाही. आईच्या तोंडाकडे बघत ती थांबून राहिली.