हात वर करा

शाळेच्या कॅन्टीनमधून गोड शीतपेयं हद्दपार झाली ती विज्ञानाच्या बाईंमुळे. पालकसभेत त्या इतक्या हिरिरीने भांडल्या की मुख्याध्यापकांनी मान डोलवायला सुरुवात केली ती थांबवलीच नाही. बाईंचं म्हणणं खोटं नव्हतं. पोरं पाण्याऐवजी साखरच पीत होती. पण बाई पडल्या घेतला वसा न टाकणाऱ्या. काल वर्गात त्यांनी मऊ आवाजात विचारलं, "कुणाच्या दप्तरात शीतपेयाची बाटली आहे? हात वर करा, मी रागावणार नाही." दोन-तीन भोळे हात वर झाले. त्या मुली तासभर वर्गाबाहेर उभ्या राहिल्या.

आज सकाळी तर कहर झाला. बाईंची लेक याच वर्गात. तिला मधुमेह, रोजचं इन्सुलिन. साखर एकदम उतरली तर हाताशी असाव्यात म्हणून दप्तरात गोड गोळ्यांची डबी. लोक म्हणतील, स्वतःच्या मुलीला सूट. म्हणून बाईंनी ती डबी काढून स्टाफरूमच्या कपाटात ठेवली.

"लागलीच तर मी आहे ना," त्या म्हणाल्या.

खेळाच्या तासानंतर लेक बाकावर टेकली ती घामाने थबथबून. हात लटपटत होते.

"आई," ती म्हणाली. शाळेत ती त्यांना बाईच म्हणायची.

स्टाफरूम पलीकडच्या इमारतीत. मॉनिटर किल्ली घेऊन पळाली, पण ती येईपर्यंत धीर कुणाला?

"कुणाकडे गोड काही आहे? हात वर करा, मी रागावणार नाही."

कालचेच शब्द. एकही हात वर झाला नाही. कुणी वहीत बघत होतं, कुणी खिडकीबाहेर. बाई या बाकापासून त्या बाकापर्यंत नुसत्या फिरत राहिल्या.

"काल मी शब्द फिरवला," त्या शेवटी म्हणाल्या. "चुकलं माझं. पाया पडते तुमच्या."

मागच्या बाकावरची बडबडी उठली. कालच्या शिक्षेतली एक. तिने दप्तराच्या तळातून, डब्याखालून बाटली काढली. बाईंनी झाकण उघडून ती लेकीच्या ओठांना लावली. एक घोट, आणखी एक. हळूहळू थरथर कमी झाली, आणि लेकीने बाटली स्वतःच्या हातात घेतली. बाईंचा जीव भांड्यात पडला.

आभार मानायला त्या वळल्या, तर बडबडी जागेवर नव्हती. कुणी न सांगताच ती दाराबाहेर कालच्या जागी जाऊन उभी राहिली होती.