मागच्या सीटचा आवाज

मी उदगीरचा, इंडिका भाड्यानं चालवतो. जून लागला की लातूरच्या फेऱ्या सुरू होतात. जाताना पोरगं, गादी, पेटी आणि आईबाप. येताना नुसते आईबाप. पोराला क्लासच्या होस्टेलवर सोडून शहराबाहेर पडलो की मागं आई रडायला लागते. मग मी टेप लावतो, पुढचे स्पीकर बंद, मागचे मोठ्यानं. लोकांना वाटतं ड्रायव्हर समजूतदार आहे. समजूतदार कसला, मला रडणं ऐकवत नाही. किल्लारीच्या भूकंपात, तेव्हा आम्ही तिकडंच राहायचो, आमचा थोरला पोरगा गेला. सगळं गाव रडत होतं, मी कोरडाच राहिलो, तो आजवर.

यंदा ऐन सीझनला मागचे स्पीकर फाटले. नुसती खरखर. त्यात आमच्या तनुजाची दहावी झालेली, तिलाही लातूरला सोडायचं होतं. गाडी टेप-स्पीकरवाल्या आसिफच्या दुकानासमोर लावली.

"मामा, पुढचे चांगले हायत की. त्यावरच भागवा."

"मागचेच पाहिजेत."

"मागं कोण ऐकतंय? भाडं तर झोपतंय."

"तू बदल रे बाबा."

त्यानं मागच्या काचेखालची फळी काढली, जुने स्पीकर उचकटले, नवे बसवून वाजवून दाखवले. आवाज खणखणीत होता. मला बरं वाटलं. त्या आठवड्यात बरं वाटलेलं तेवढंच.

तनुजा होस्टेलचा जिना मागं न बघता चढून गेली. येताना पुढची सीट मोकळी असूनही माझी बायको सिंधु मागंच बसली. लातूर सुटलं आणि तिचं मुसमुसणं सुरू झालं. मी टेप लावला, आवाज वाढवला. पैसा वसूल, हुंदका काही पुढं येईना.

तिनं मागून माझा खांदा धरला. मी गाडी कडेला घेतली.

"बंद करा ते."

केलं.

"पोरगा गेला, तवा पत्र्याच्या शेडात मी रडाय लागले की तुम्ही रेडिओ लावायचात. मी काही बोलले न्हाई. आज तरी ऐका."

ती रडत राहिली. ट्रक जात होते. मी समोर बघत ऐकत होतो, आणि मला काहीच होत नव्हतं. शेवटी तेच तिला सांगितलं.

"ठाऊक हाय," सिंधु म्हणाली. "तरी बसा."