आर्विड कसा उठतो

मार्लिसला नवऱ्यासोबत नाचायचं होतं. बस, एवढंच. पण आर्विडने स्वतःच्या लग्नातसुद्धा बूट चावतात म्हणून नाच टाळला होता, आणि ते बूट आजतागायत चावतच होते. अमेरिकेतल्या डुलुथ शहरातल्या चर्चच्या तळघरात तो तिला दर मंगळवारी नाचाच्या तालमीला आणून सोडी आणि भिंतीकडच्या खुर्चीत कॉफी घेऊन बसून राही. वसंतातल्या कार्यक्रमात जोडीने ये, असं विनवून विनवून ती थकली होती.

नाच बसवणारी रेनी वयाने नातीएवढी, पण तिची रीत न्यारी. ती काही शिकवतच नसे. एकाने नाव घ्यायचं, त्या नावाची हालचाल करायची आणि बाकीच्यांनी ती जशीच्या तशी करायची. वर्तुळात येईल त्याची नक्कल, हा नियम. अशा हालचाली एकीला एक जोडून नाच उभा राहायचा.

"आज स्वतःचं नाव नको," रेनी म्हणाली. "घरातल्या माणसाचं घ्या."

"आर्विड," मार्लिस म्हणाली, आणि तो खुर्चीतून कसा उठतो ते तिने करून दाखवलं. आधी गुडघ्यांवर हात, मग लांबलचक उसासा, पँट वर ओढणं, किल्लीसाठी उजवा खिसा चाचपणं, मग डावा, आणि किल्ली हातातच सापडल्यावर बायकोकडे रागाने बघणं. लगेच वर्तुळभर आर्विड उसासले. हसून हसून काहींच्या डोळ्यांत पाणी आलं.

"साफ चूक," भिंतीकडून आवाज आला. "मी आधी डावा खिसा बघतो."

"उजवा," मार्लिस म्हणाली. "जन्म गेला माझा ते बघण्यात."

आर्विड तरातरा वर्तुळात शिरला. सगळे तरातरा पुढे आले. त्याने बोट नाचवलं, सगळ्यांनी नाचवलं. त्याने डोकं खाजवलं, सगळी पांढरी डोकी खाजवली गेली.

"थांबव की गं यांना," तो रेनीला म्हणाला.

"नियम आहे, काका. सुटायचं तर एक नाव घ्या."

जरा जास्तच झालं, मार्लिसला वाटलं. आता हा चिडून निघणार आणि पुढच्या मंगळवारपासून बाहेर गाडीतच बसणार.

आर्विडचे कान लाल झाले होते. "मार्लिस," तो म्हणाला.

त्याने डाव्या हाताने हवेतलं पातेलं धरलं आणि उजव्याने त्यात चमचा फिरवायला घेतला. चमच्याबरोबर कंबर हलली, थोडी इकडे, थोडी तिकडे. मग टाचा उचलून, डोळे मिटून त्याने चमच्यासकट एक गिरकी घेतली. सगळ्यांनी घेतली.

मार्लिस तेवढी जागच्या जागी उभी राहिली. सकाळी लापशी ढवळताना रेडिओ लावून ती असं करायची खरी. पण तेव्हा आर्विड वर झोपलेला असायचा.

"तुला कसं ठाऊक?"

"रोज बघतो. दारात उभा असतो."

"मग आत का येत नाहीस?"

"आत आलो तर तू थांबशील."

मार्लिसला हसू आणि रडू एकदमच आलं. इतकी वर्षं आपण एकट्याच नाचतो असं ती समजत होती.

"नाही थांबणार," ती म्हणाली, आणि चमच्यासकट त्याचा हात धरला.