दाराचा हॉर्न

त्या दिवशीही बाबांनी मला ग्रंथालयासमोर सोडलं. मी दार उघडलं आणि हॉर्न वाजू लागला. पायऱ्यांवर पेपर वाचत बसलेल्या दोघा म्हाताऱ्यांनी मान वर केली नाही. त्यांना सवय होती. बाबा माझ्या बाजूला वाकून काहीतरी म्हणाले. त्या आवाजात ऐकू येणं शक्यच नव्हतं, पण ओठांवरून कळायचं: सावकाश जा. मला फक्त रस्ता ओलांडायचा होता. त्यांना त्या खटाऱ्यातून बाजारातली गर्दी पार करायची होती. सावकाश तुम्ही जा, असं रोज माझ्या तोंडापर्यंत यायचं. मी दार लावलं, हॉर्न थांबला, आणि मी मागे न बघता आत गेले.

या हॉर्नचं जरा सांगायला हवं. आमची पिकअप माझ्यापेक्षा वयाने मोठी. स्टिअरिंगच्या नळीतून जाणारी हॉर्नची वायर एकदा झिजून तुटली आणि नवी काही केल्या आत जाईना. बाबा शिलाई मशीन दुरुस्त करत. आयुष्यभर सुईत दोरा ओवलेल्या माणसाला ही वायर ओवता येईना, हे त्यांनी फार मनाला लावून घेतलं. शेवटी त्यांना चालकाशेजारच्या सीटच्या दाराच्या चौकटीतलं बटण दिसलं. दार उघडलं की छतातला दिवा लागावा म्हणून ते होतं, पण दिवा केव्हाच गेला होता. बटण बिचारं रिकामं बसलंय म्हणून बाबांनी आईच्या जुन्या इस्त्रीची वायर काढली आणि हॉर्न त्या बटणाला जोडला.

"म्हणजे हॉर्न वाजवायचा तर दार उघडायचं?" आई म्हणाली.

"किंचित."

"धावत्या गाडीचं?"

"आपली कुठे एवढी धावते."

"आणि शेजारी कोणी नसलं तर?"

"शेजारी कोणी नसेल तर माणसाला घाई कशाला हवी?"

आईने हात टेकले. तेव्हापासून समोर सायकलवाला आडवा आला की बाबा म्हणत, "उघड," आणि मी दार बोटभर उघडायचे. एकटे असले की ते खिडकीतून डोकं काढून "अहो, जरा" म्हणत. लोक बाजूला होत, कदाचित हॉर्नपेक्षा लवकर.

मला ग्रंथालयासमोर सोडलं त्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी बाबा दुकानात, मशीनपुढे बसल्या बसल्याच गेले.

त्यांना त्यांच्याच गाडीतून न्यायचं, असं आईने ठरवलं. चालवायला काका, शेजारी आत्या, मागे हौद्यात बाबांजवळ आई आणि मी. घरून निघताना आत्याची पिशवी दारात अडकली. ती सुटेपर्यंत हॉर्न अख्ख्या गल्लीने ऐकला.

स्मशानाच्या फाटकाशी गाडी थांबली. पुढे पोचलेली मंडळी खाली मान घालून उभी होती. आत्या उतरेना.

"ताई, चल," काका म्हणाला.

"दार उघडलं की तो बोंबलणार. माझ्या भावाच्या शेवटच्या क्षणी मी भोंगा वाजू देणार नाही."

"मग माझ्या बाजूने उतर."

"मध्ये तो गिअरचा दांडा आहे. आणि माझे गुडघे आहेत."

"खिडकीतून?"

"मी काय मांजर आहे?"

बॅटरीची वायर काढावी, असं कोणीतरी सुचवलं. बॅटरी सीटखाली होती आणि सीटवर आत्या होती. बॉनेट उघडावं, तर त्याची कडी फक्त बाबांच्या हाताला दाद द्यायची. रखवालदार आला, सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "बाईंना राहू दे आत. इथूनही तसं बरं दिसतं."

"मी त्याला हात लावल्याशिवाय कोणी त्याला आत न्यायचं नाही," आत्या आतून म्हणाली. "पाळण्यातून मीच काढलाय त्याला."

मग काकाने रखवालदाराची झाडं छाटायची कात्री घेतली आणि डॅशबोर्डखाली वाकून इस्त्रीची वायर कापली. कापलेलं टोक खाली पत्र्यावर पडलं. हॉर्न वाजू लागला, दार बंद असतानाच, आणि थांबेना. झाडांवरचे कावळे उडाले. आई स्वतःचे कान झाकायच्या ऐवजी बाबांचे कान झाकून बसली. काका कात्री हातात धरून "मी कापली ना, मी तर कापली," असं ओरडत होता, पण तेही ओठांवरूनच कळत होतं.

मी हौद्यातून उतरले, चालकाच्या बाजूने आत शिरले आणि आत्याच्या चपलांशी डोकं घातलं. ती वायर मला ओळखीची होती. सुती वेष्टणाची, काळ्यावर पांढरे ठिपके. लहानपणी शाळेच्या कपड्यांवरून ती सरपटताना मी पाहिली होती. बटणाचं काम एवढंच, की दार उघडल्यावर या वायरीला गाडीच्या पत्र्याशी भेटवायचं. आता बटणाची गरजच उरली नव्हती. मी टोक चिमटीत धरून पत्र्यावरून उचललं. हॉर्न थांबला.

"आत्या, उतर आता."

आत्याने डोळे मिटून दार उघडलं. काही झालं नाही. ती खाली उतरली, मागे गेली, हौद्याच्या फळीवरून हात घालून तिने बाबांच्या कपाळावरचे केस सारखे केले. मग चौघांनी त्यांना उचललं. आई त्यांच्या मागून निघाली. आत्या मात्र उघड्या दाराशी परत आली आणि दाराकडे बघत राहिली.

"वाजला नाही गं," ती म्हणाली. तक्रार केल्यासारखं.

मी अजून आत वाकलेलीच होते, टोक चिमटीत. आत्याने माझ्याकडे पाहिलं आणि हळूच मान डोलावली. मी वायर पत्र्याला टेकवली. हॉर्न वाजला, मला दार उघडून उतरायला लागायचा तेवढाच वेळ. चौघे जागच्या जागी थांबले.

मी वायर उचलून सीटवर ठेवली, उठून दारात उभी राहिले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "सावकाश तुम्ही जा, बाबा. मला फक्त रस्ता ओलांडायचा असतो."