कप्तान घर विसरला नव्हता

धाकटी शाळेतून आली, दप्तर खुर्चीवर टाकलं आणि बूट काढता काढता म्हणाली, "आई, बाबा आपल्याला विसरायचे का गं?"

आई कामावर निघायच्या बेतात होती. हातातला डबा तिनं पुन्हा ओट्यावर ठेवला. "कोण म्हणालं असं?"

"फलकावर लिहिलंय. पेंटरकाकांच्या दुकानात वाळत ठेवलाय. 'घरदार विसरून ज्यांनी मैदानासाठी आयुष्य वाहिले.' म्हणजे आपलंच घर ना?"

आईच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. वस्तीतल्या मैदानाला तिच्या गेलेल्या नवऱ्याचं, कप्तानाचं, नाव देणार होते आणि तो फलक उद्या सकाळी फाटकावर चढणार होता. दोघी मुलींची शाळेची वाट त्याच फाटकासमोरून जाते. म्हणजे पोरींनी रोज जाता-येता वाचायचं की आपला बाप आपल्याला विसरला होता, आणि वर त्याचा अभिमानही बाळगायचा.

शोकसभेतही हाच पाढा वाचला गेला होता. एकामागून एक उठत होते आणि कप्तानानं संसाराकडे कसं वळूनसुद्धा पाहिलं नाही ते गहिवरून सांगत होते. तेव्हा ती गप्प बसली. नवरा गेलेल्या बाईनं भरल्या सभेत भांडायचं नसतं, एवढं तिला कळत होतं. मेल्या म्हशीला मणभर दूध म्हणतात, तेही तिनं चालवून घेतलं असतं. पण इथं म्हैसच दुसऱ्या कुणाची तरी होती.

वस्तीतल्या मंडळाच्या व्हॉलीबॉल संघाचा तो कप्तान, पोटापाण्यासाठी लिफ्ट दुरुस्त करायचा. उंची अशी की कुठल्याही दारातून जाताना मान वाकवायची सवयच लागलेली. व्हॉलीबॉलच्या जाळ्याशी तो उभा राहिला की समोरच्यांची निम्मी हिंमत तिथेच खचायची. कुणाला रक्त हवंय, कुणाच्या आजारी आईला खुर्चीत बसवून जिना उतरवायचाय, मैदानावर काचा पडल्यात, सगळीकडे हा पुढे. हे खरंच होतं, आणि ती ते कधी नाकारत नव्हती.

पण ती दवाखान्यात औषधांच्या खिडकीवर बसते आणि तिची पाळी संध्याकाळची. त्यामुळे संध्याकाळचं घर कप्तानाचं. मुलींच्या वेण्या, अभ्यास, रात्रीचा स्वयंपाक सगळं त्याच्याकडे. जाळं आणि चेंडू त्याच्याच घरी ठेवलेले, आणि नियम एकच: भाजी शिजून गॅसवरून उतरल्याशिवाय चेंडू घराबाहेर निघायचा नाही. सुरुवातीला खेळाडू खालून हाका मारायचे. मग कंटाळून वर यायला लागले. आणि वर आलेल्या माणसाला कप्तान रिकामा कसा बसू देईल? अख्खा संघ स्वयंपाकघरात मांडी घालून मटार सोलायचा. समोरच्या संघांना वाटायचं, हे लोक खेळाआधी गुप्त खलबतं करतात. खलबतं व्हायचीही. मैदानाचे दिवे, रक्तदान, फाटकाची दुरुस्ती, मंडळाचे सगळे निर्णय त्या टरफलांच्या ढिगाशी झाले. धाकटीचं गणित अडलं की निम्मा संघ समजावायला सरसावायचा आणि जे बरोबर असायचं तेही चुकायचं. मंडळाचे अध्यक्ष तर सोलता सोलता मूठ-मूठ मटार तोंडात टाकायचे.

त्याच अध्यक्षांनी ही ओळ लिहिली होती.

ती तशीच पेंटरच्या दुकानात गेली. अध्यक्ष तिथेच होते. त्यांच्या बायकोनं फलकावर टाकायचा पडदा शिवायला घेतला होता, ती ओठांत टाचण्या धरून माप घेत होती. पेंटर कोपऱ्यात कुंचले धूत होता.

"वहिनी, तुम्ही कशाला त्रास घेतलात?" अध्यक्ष म्हणाले. "उद्या समारंभाला तुम्हाला न्यायला येणारच होतो."

"ही ओळ पुसा."

"अहो, गौरव आहे तो. त्यागाशिवाय का माणूस एवढा मोठा होतो?"

"कुणाचा त्याग? आम्हाला टाकलं असतं तर आम्हाला कळलं नसतं? तुम्ही आमच्या घरात बसून मटार खात होतात, तेव्हा तो मुलींच्या वेण्या घालत होता. डोळ्यांनी पाहिलंय तुम्ही."

"तसं शब्दशः घ्यायचं नसतं, वहिनी. मोठ्या माणसांबद्दल असंच लिहितात. घर सांभाळलं, हे का फलकावर लिहायची गोष्ट आहे? ते तर सगळेच सांभाळतात."

हे ऐकून तिच्या डोक्यात तिडीक गेली. ज्या गोष्टीसाठी तिचा नवरा रोज मैदानावर उशिरा पोचला आणि सगळ्यांच्या शिव्या खात हसत राहिला, ती म्हणजे काहीच नव्हे.

"सगळे म्हणजे कोण?" तिनं विचारलं. "तुमच्या मुलाला कुठलं औषध चालत नाही, सांगा बरं."

अध्यक्षांनी बायकोकडे पाहिलं.

"तिच्याकडे बघू नका. ती खिडकीवर येते, तिला माहीत आहे. मलाही माहीत आहे. माझ्या नवऱ्यालाही माहीत होतं, कारण तुम्ही मंडळाच्या कामाला गेला होतात तेव्हा तुमच्या मुलाला उचलून त्यानंच दवाखान्यात आणलं होतं."

अध्यक्षांच्या बायकोनं ओठांतल्या टाचण्या एकेक करून काढल्या आणि पडद्याला टोचून ठेवल्या.

"ओळ चांगली आहे हो," ती शांतपणे म्हणाली. "वाया कशाला घालवायची? पेंटर, वेगळ्या पाटीवर काढून ठेवा. आमच्याकडे लागेल पुढेमागे."

पेंटरला जोराचा खोकला आला. अध्यक्षांचा चेहरा कानापर्यंत लाल झाला. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. मग फलकाकडे न बघता म्हणाले, "पुसून टाक रे."

पेंटरनं चिंधी रॉकेलमध्ये बुडवली आणि ओळ पुसायला घेतली. रंग अजून ओलसर होता, त्यामुळे अक्षरं लगेच निघाली. पुसून झाल्यावर त्यानं विचारलं, "मग काय लिहू, वहिनी?"

तिनं फारसा विचार केला नाही. "लिही, खेळ संपला की हे घरी येत."

पेंटरनं मान हलवली आणि खडूनं रेघ आखायला घेतली. अध्यक्ष फलकाची एक बाजू धरून उभे राहिले.

बोलून झालं आणि ती तिथल्याच स्टुलावर बसली. अध्यक्षांच्या बायकोनं पाण्याचा पेला पुढे केला, तो तिनं घेतला आणि न पिता तसाच मांडीवर धरून ठेवला. कप्तान गेल्यापासून तिला रागानं उभं ठेवलं होतं, आणि आता भांडायला कोणी उरलं नव्हतं.