बिजलीचे घुंगरू

जागृतीने रिमोटच्या दोन्ही काड्या मध्यावर आणल्या, तरी विमान गरगरत खालीच येत राहिले. तिने उलट्या बाजूचे सुकाणू पूर्ण दाबले आणि नाक खाली लोटले. कपाशीच्या शेंड्यांना चाके लागणार, एवढ्यात ते एकदाचे सावरले. सारंगखेड्याच्या घोडेबाजाराच्या मोकळ्या मैदानावर तिने ते उतरवले.

परवा सुरतेला स्पर्धा होती. माणसाच्या उंचीहून लांब पंखांचे हे कसरतीचे विमान तिने स्वतः आखले होते, स्वतः बांधले होते. त्याचा पंख वरून जेवढा फुगीर, तेवढाच खालून. त्यामुळे ते उलटेही तितक्याच सहज उडे. मात्र असले विमान आपण होऊन सरळ होत नाही. मिळेल तो हुकूम ते पाळते, आणि आपली चूकही तितक्याच इमानाने करून दाखवते. त्याचा सगळा जीव तोलात असतो.

तोल तर तिने कालच पाहिला होता. तरी पुन्हा पाहायचे ठरवले. एका पंखाखाली तिची बोटे, दुसऱ्याखाली नेहमीप्रमाणे गुलाबसिंग काकांची. दोघांनी विमान उचलले आणि शेपटी सरळ खाली गेली. काकांनी नजर तापीच्या पात्राकडे वळवली.

गुलाबसिंग तिच्या वडिलांचे थोरले भाऊ. जन्म घोड्यांत गेला. बिजली ही त्यांची नाचणारी घोडी मेली, तेव्हा रिकामा तबेला त्यांनी झाडून-सारवून पुतणीला विमान बांधायला दिला. गुलाबसिंगने आता पेट्रोल पिणारे जनावर पाळलेय, असे म्हणत गाव हसले. निदान लाथ तरी मारत नाही, असे काका सगळ्यांना सांगत सुटले.

जागृतीने शेपटीखालचे झाकण उघडले. आत काळ्या दोऱ्यात एक जाड पितळी घुंगरू होते, वाजू नये म्हणून कापसात नीट गुंडाळलेले. बाजारात नेताना बिजलीच्या शेपटीला काका हेच बांधत. तिने ते ओळखले.

काका जमिनीकडे बघत म्हणाले,

"काल सारं गाव दखाले येल व्हतं, बेटा. नजर लागी जाई, म्हनीसन बांधं. बिजलीले बी आसंच बांधेल ऱ्हाये."

"शेपटी जड झायी, काका. आसं विमान पडी जातं."

काका पाठमोरे झाले.

"मंग फेकी दे ते."

चांगले चार शब्द सुनावायचे तिच्या ओठांवर आले होते. पण डिंक वाळेपर्यंत लाकडाच्या पट्ट्या न हलता धरून बसलेले हेच हात होते. एखाद्या शिंगराला धरावे तसे. हे हात नसते, तर विमान कागदावरच राहिले असते.

तिने काकांना जीपमधून पाणी आणायला पाठवले. ते गेल्यावर नाकाजवळचे झाकण काढले. तोलासाठी तिथे बसवलेला शिशाचा तुकडा सोडवला आणि त्या जागी घुंगरू तारेने पक्के केले. त्यावरचा कापूस मात्र काढून टाकला. काका आल्यावर दोघांनी पुन्हा बोटांवर तोल पाहिला. विमान जमिनीला समांतर राहिले. घुंगरू कुठे गेले, हे काकांनी विचारले नाही.

या खेपेला विमान पाठीवर उडाले, उभे चढले, गरगरत खाली आले, आणि काड्या मध्यावर येताच त्याचे गरगरणे थांबले. काका मान वर करून बघत होते. तोंडावरचा ओशाळेपणा काही जात नव्हता.

विमान उतरताच जागृतीने इंजिन बंद केले. खुरांनी खाचखळगे झालेल्या मैदानावरून ते नुसतेच घरंगळत त्यांच्याकडे येऊ लागले, आणि त्या शांततेत खळग्यागणिक आवाज येऊ लागला. छुन. छुन, छुन.

काका दोन पावले पुढे झाले. हात आपोआप पुढे गेला, जीभ टाळूला लागली, आणि घोडीला जवळ घ्यावे तसे त्यांनी चुचकारले. विमान त्यांच्या पायांशी येऊन थांबले.